मोटारसायकल आणि मोटार : वेग, ब्रेक आणि वळण
(सभासद शिक्षण – अभ्यासपाठ)



गळीत हंगाम सुरू झाला की केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काट्यावर नंबर लागेपर्यंत दोन-चार तास सहज जातात. अशा वेळी चहाच्या टपरीपाशी ज्या गप्पा रंगतात, त्यांत एक वाद ठरलेला असतो. एक म्हणतो, "सुटायला मोटारसायकलच्या पुढं मोटार टिकत नाही." दुसरा म्हणतो, "वळणाला तर नाहीच नाही." तिसरा त्यावर कडी करतो, "अन् ब्रेकचं म्हणाल तर मोटारसायकल हलकी, ती आधी थांबणारच!" वाद ऐकायला गोड वाटतो, परंतु त्याचा खरा निकाल टपरीवर लागत नाही, रस्त्यावर लागतो आणि तिथे अपील नसते.

म्हणून या अंकातील पाठासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. वेग, ब्रेक आणि वळण या तीन कसोट्यांवर दोन्ही वाहने पारखून पाहू. हिशेब सोपा आहे. उसाच्या बिलाचा हिशेब जो सभासद करतो, त्याला हा जड जाणार नाही.

१. आपली शाळा : बोरघाट

हा विषय शिकायला उत्तम शाळा म्हणजे बोरघाट. घाटमाथ्यावरून मुंबई-वाशीकडे जाणाऱ्या आपल्या बहुतेक सभासदांनी तो पाहिलेला आहे. घाट उतरला की रायगड जिल्ह्यातला खालापूर तालुका लागतो, पायथ्याशी खोपोली, आणि तिथून पळसदरीवरून कर्जत. खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, तर खोपोली शंभर मीटरच्याही आत. म्हणजे थोड्याशा अंतरात पावणेपाचशे-पाचशे मीटर खाली यायचे.

घाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. ही वाट दाखवणारा शिंग्रोबा धनगर याचे देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि आजही ड्रायव्हर मंडळी तिथे नाणे टाकून पुढे जातात. त्याच देवळाच्या परिसरात १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे एक खासगी बस दरीत कोसळली आणि १३ जणांचे प्राण गेले. त्यांत झांजपथकातली तरुण मुले होती. घाट हा थट्टेचा विषय नाही, एवढे त्यावरून समजावे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ कि.मी. लांबीचा असून २००२ साली तो पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. सबब मोटारसायकलवाल्याला जुना रस्ता धरावा लागतो. पावसाळ्यात तर धबधब्यांसाठी आणि माथेरानसाठी कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर मोटारसायकलींची रीघ लागते. त्यांत आपल्या सभासदांची मुलेही असतात. हा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वडिलांनी वाचून मुलांच्या हाती द्यावा.

२. वेग : कोण आधी सुटतो?

कोणतेही वाहन किती चपळ, हे नुसत्या इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. ती ताकद किती वजन ओढते, यावर ठरते. बैलजोडी तीच, पण रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांत फरक पडतो, तसेच हे आहे.

आपल्याकडे घरोघरी असते ती १०० सी.सी.ची मोटारसायकल घ्या. ताकद सुमारे ८ अश्वशक्ती, वजन सुमारे ११२ किलो. वर ७० किलोचा गडी बसला की झाले १८२ किलो. म्हणजे टनामागे ४४ अश्वशक्ती. आता १२०० सी.सी.ची लहान पेट्रोल मोटार घ्या. ताकद सुमारे ८० अश्वशक्ती, वजन ड्रायव्हरसह सुमारे ९९० किलो. म्हणजे टनामागे ८१ अश्वशक्ती. पाहिलेत? टपरीवरचा पहिला मुद्दा इथेच लंगडा पडतो. आपली रोजची मोटारसायकल ताकदीच्या हिशेबात मोटारीच्या निम्मीच भरते. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट सुमारे २० अश्वशक्तीची. ती एका माणसासह टनामागे ७५ पर्यंत येते, म्हणजे लहान मोटारीच्या आसपास. त्याहून जोरदार मोटारसायकली बाजारात आहेत आणि त्या सुटायला मोटारीला खरोखर मागे टाकतात. पण त्या किती जणांकडे असतात?

मग आपल्याला मोटारसायकल चपळ का वाटते? कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरला ती पटकन उचल खाते, अंगाने बारीक असल्याने फटीतून निघते, आणि वारा छातीवर लागतो म्हणून आहे त्यापेक्षा वेग जास्त भासतो. ताशी चाळीसच्या पुढे मात्र तिचा दम कमी पडू लागतो.

ओझ्याचा परिणामही पाहा. मोटारसायकलवर मागे दुसरा माणूस बसला की टनामागची ताकद ४४ वरून ३२ वर येते; पाव हिस्सा गेलाच. मोटारीत पाच माणसे भरली तरी ती ८१ वरून ६३ वर येते. म्हणजे डबलसीट मोटारसायकल घाट चढताना अर्धी दमलेली असते.

याचा उपयोग काय, तर ओव्हरटेक करताना. दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेल्या चढावर पुढे ट्रक ताशी ३० ने चालला आहे आणि तुम्ही डबलसीट ताशी ४० ने त्याला ओलांडता. ट्रकची लांबी आणि मागे-पुढे थोडी जागा धरून सुमारे ३२ मीटर जास्त जायचे आहे. वेगातला फरक ताशी १० कि.मी., म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. साडेअकरा सेकंद लागले. तेवढ्यात तुम्ही १२८ मीटर पुढे गेलात, आणि समोरून ताशी ४० ने येणाराही १२८ मीटर जवळ आला. म्हणजे अडीचशे मीटरपेक्षा जास्त रस्ता मोकळा दिसायला हवा. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर अडीचशे मीटर सरळ रस्ता कुठे दिसतो, ते एकदा शोधून पाहावे!

३. ब्रेक : कोण आधी थांबतो?

आता टपरीवरचा तिसरा मुद्दा. "हलकी म्हणून आधी थांबते," हा समज फार पसरलेला आहे आणि तोच फार घातक आहे. वाहन थांबवतो तो ब्रेक नव्हे. ब्रेक फक्त चाक धरतो. वाहन थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. वजन जास्त तर टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो आणि पकडही त्या प्रमाणात वाढते. त्यामुळे प्रत्येक चाकाला चांगला ब्रेक असेल तर हलक्या-जडाचा फायदा-तोटा जवळजवळ फिटतो. उरतो तो प्रश्न असा की, असलेली पकड चालकाला पुरती वापरता येते का?

मोटारीत एकच पेडल. पाय जोरात दाबला की चारही चाके धरली जातात, गाडी आडवी पडण्याची भीती नाही. मोटारसायकलला दोन ब्रेक – एक हाताला, एक पायाला – आणि दोन्ही किती दाबायचे ते आयत्या वेळी चालकाने ठरवायचे. पुढचे चाक अडकले तर क्षणात खाली. या भीतीने आपले बहुतेक लोक फक्त पायाचा, म्हणजे मागचा ब्रेक वापरतात.

इथे बैलगाडीचे उदाहरण घ्या. ओझे पुढे सरकले की गाडी धुरजड होते आणि मागे सरकले की उलाळ. ब्रेक दाबताच मोटारसायकलही धुरजड होते. जोराचा ब्रेक लागला की एकूण वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके पडते. ज्या चाकावर पाव वजन उरले, ते धरून किती थांबणार? फार तर फरफटेल. म्हणजे ज्या ब्रेकात खरा जोर आहे तो आपण भीतीने सोडून देतो, आणि ज्यात जोर नाही त्याच्यावर भरवसा ठेवतो.

कोरड्या, सपाट डांबरी रस्त्याचा हिशेब मांडू. चांगले ब्रेक असलेली मोटार दर सेकंदाला ताशी २५ कि.मी. वेग कमी करते, दोन्ही ब्रेक नीट वापरणारा साधारण मोटारसायकलस्वार ताशी २० ने आणि फक्त मागचा ब्रेक वापरणारा ताशी १२ ने कमी करतो, असे धरले तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर येणेप्रमाणे येते :

ताशी ४० कि.मी. वेग – मोटार ९ मीटर. मोटारसायकल दोन्ही ब्रेकांनी ११ मीटर. फक्त मागच्या ब्रेकने १९ मीटर.
ताशी ६० कि.मी. वेग – मोटार २० मीटर. मोटारसायकल दोन्ही ब्रेकांनी २५ मीटर. फक्त मागच्या ब्रेकने ४२ मीटर.
ताशी ८० कि.मी. वेग – मोटार ३६ मीटर. मोटारसायकल दोन्ही ब्रेकांनी ४४ मीटर. फक्त मागच्या ब्रेकने ७४ मीटर.

या आकड्यांत आणखी एक भर घालायची आहे. डोळ्याने पाहिले, मनाने ठरवले आणि हात-पाय हलले, यात सावध माणसाचाही एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी ताशी ४० ला ११ मीटर, ताशी ६० ला १७ मीटर आणि ताशी ८० ला २२ मीटर पुढे गेलेली असते. रात्रपाळी करून दमलेल्या माणसाला दीड-दोन सेकंद लागतात.

यातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. ४० आणि ८० च्या ओळी ताडून पाहा. दुसरी, मोटारीच्या मागे चिकटून चालणारा मोटारसायकलस्वार फसतो, कारण पुढची मोटार त्याच्यापेक्षा कमी जागेत थांबते. तिसरी, केवळ पुढचा ब्रेक वापरायची सवय लावून घेतली तर अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होते. त्याला पैसा लागत नाही.

पुढचा ब्रेक झटका देऊन ओढायचा नाही. म्हशीची धार काढताना जसा हळूहळू दाब वाढवतो, तसा बोटांनी दाबत न्यायचा. हँडल सरळ असावे, पाय मागच्या ब्रेकवर हलका असावा. २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या १२५ सी.सी.वरील नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे आहे. चाक अडकू लागले की ही यंत्रणा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा धरते. १२५ पर्यंतच्या गाड्यांना तेव्हापासून किमान जोडब्रेक आला; त्यात पाय दाबला की थोडा ब्रेक पुढेही लागतो. पण आपल्या गावात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांचे ए.बी.एस. म्हणजे चालकाची बोटेच.

४. वळण : कोण आधी फिरतो?

वळणाचा नियम समजायला भाकरीचे उदाहरण पुरेसे आहे. टायरची पकड ही एकच भाकरी समजा. वळायला अर्धी खर्च झाली तर ब्रेकला अर्धीच उरते. वळायलाच सगळी संपली असेल आणि त्यात तुम्ही ब्रेक दाबला, तर भाकरी पुरत नाही आणि टायर घसरतो. म्हणूनच ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना लावायचा. वळणात फक्त वळायचे आणि वळण सुटू लागल्यावर पुन्हा वेग द्यायचा.

घाटातले घोड्याच्या नालेसारखे तीव्र वळण घ्या. त्याच्या गोलाईची त्रिज्या १५ मीटर धरू. चांगल्या कोरड्या डांबरावर तिथे साधारण ताशी ३६ कि.मी.ला पकड संपते. पाऊस पडून रस्ता निसरडा झाला तर ताशी २७ च्या सुमारास. आणि वळणावर वाळू, खडी किंवा गळलेले तेल असेल तर ताशी २० लाही भरवसा नाही. हे आकडे मोटारीला आणि मोटारसायकलला सारखेच लागू आहेत. टायर रबराचा, रस्ता तोच. निसर्ग कोणाचा पक्षपात करीत नाही.

मग फरक कुठे पडतो? मोटार वळते ती चार पायांवर उभी राहून. मोटारसायकलला मात्र वळणासाठी आत झुकावे लागते. याच वळणावर ताशी २० ला १२ अंश, ताशी ३० ला २५ अंश आणि ताशी ३६ ला ३४ अंश झुकावे लागते. इतके झुकायला सराव लागतो. मागे माणूस, कडेला दुधाच्या किटल्या किंवा खताचे पोते असेल, तर तेवढे झुकताच येत नाही. झुकता आले नाही की गाडी वळत नाही, सरळ जाते. आणि घाटात सरळ म्हणजे कठड्याकडे किंवा समोरच्या वाहनाकडे.

दुसरा फरक याहून मोठा आहे. मोटार घसरली तर नुसती घसरते, चाकांवर उभी असते आणि पुष्कळदा सावरते. मोटारसायकल घसरली की पडते. चूक दोघांची सारखी, पण शिक्षा सारखी नाही.

मोटारसायकलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ती बारीक असल्याने आपल्या लेनमध्येच बाहेरून आत असा मोठा वळसा घेऊ शकते. मोटार लेन भरून टाकते, तिला ती सोय नाही. पण यातही खोच आहे. उजव्या वळणावर चाके मधल्या पट्टीच्या डावीकडे असली तरी झुकलेल्या स्वाराचे डोके पट्टीच्या पलीकडे जाते. समोरून बस आली तर? म्हणून उजव्या वळणावर पट्टीपासून हातभर नव्हे, चांगले मीटरभर दूर राहावे. डाव्या वळणावर वेग जास्त झाला तर गाडी आपोआप बाहेर, म्हणजे समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. आणि वळणावर ट्रकच्या आतल्या बाजूने घुसू नये. लांब वाहनाचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून कापत येते. तिथे दिसणारी फट म्हणजे वाट नव्हे, सापळा आहे.

तरुण मंडळी म्हणतील, "अहो, शर्यतीतल्या मोटारसायकली पाहा की!" ठीक, तेही पाहू. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ साली फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली आणि २०२३ साली मोटो जी.पी. मोटारसायकलींची. सर्वांत जलद मोटारीने पात्रता फेरीत सुमारे १ मिनिट २४ सेकंदांत चक्कर मारली, सर्वांत जलद मोटारसायकलने सुमारे १ मिनिट ४४ सेकंदांत. सरळ रस्त्यावर या मोटारसायकली तुफान पळतात. २०२३ सालीच इटलीत अशा एका गाडीने ताशी ३६६ कि.मी. गाठले. तरीही एका चक्करीत वीस सेकंदांचा फरक पडतो, तो ब्रेक आणि वळण यांत. चार रुंद टायर आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख यांचा तो प्रभाव. जगातल्या निवडक स्वारांची ही कथा, तर आपल्या बंड्याची काय?

५. उतार : ब्रेकची काहील

घाट उतरताना आणखी एक गोष्ट घडते, ती सपाट मुलखात लक्षात येत नाही. उंचीवरून खाली येणाऱ्या वजनाची सगळी शक्ती कुठेतरी जिरावी लागते. ती ब्रेकात जिरली तर तिची उष्णता होते. गुऱ्हाळाची काहील ज्यांनी पाहिली आहे त्यांच्यासाठी हिशेब असा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सगळा भार ब्रेकांवर टाकला, तर एका माणसासह मोटारसायकलच्या ब्रेकात तीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते. लहान मोटारीच्या ब्रेकात सोळा लिटर. २५ टनांच्या भरलेल्या ट्रकच्या ब्रेकात चारशे लिटर! म्हणून ट्रकच्या चाकातून जळका वास येतो. ब्रेकचे लायनर तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल फार तापले तर त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. उतारावर अशा जड वाहनाच्या पुढे किंवा अगदी कडेला रेंगाळू नये, हा धडा मोटारसायकलस्वाराने गाठीला बांधावा.

यावर उपाय एकच : ज्या गिअरात चढलो असतो, त्या गिअरात उतरावे. मग इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेक थंड राहतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मोटारीचे इंजिन बंद झाले की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक कठीण होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, अॅक्सिलरेटर सोडला की बहुधा पेट्रोल पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहते. म्हणजे बचतही नाही आणि सुरक्षितताही नाही.

हे शहाणपण रेल्वेने फार पूर्वीच शिकून घेतले. कर्जत ते लोणावळा हा घाट १८६३ साली रेल्वेने जोडला. चढ ३७ ला १ असा. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात, हे आपण पाहिले असेल. पण उतरणाऱ्या गाड्यांचे पाहा. मंकी हिल, ठाकूरवाडी, जामब्रुंग अशा ठिकाणी गाडी मुद्दाम थांबवून ब्रेक धरतात की नाही याची खात्री करतात. सुटलेली गाडी चढावर नेऊन थांबवणारे फाटेही घाटात ठेवलेले आहेत. रुळांवरून जाणारी, सिग्नलची, शिकलेल्या ड्रायव्हरची गाडी जिथे थांबून ब्रेक तपासते, तिथे आपण मोबाईल कानाला लावून उतरावे काय?

६. आपल्या दारातला घाट

कोणी म्हणेल, "आम्ही वर्षातून एकदा बोरघाटात जातो. हे सगळं आम्हाला कशाला?" बंधूंनो, हा पाठ घेण्याचे खरे कारण इथेच आहे. हंगामाच्या चार-पाच महिन्यांत आपल्या सपाट रस्त्यांवरही हेच गणित रोज चालते; फक्त एका बाजूला मोटारसायकल असते आणि दुसऱ्या बाजूला आपलीच उसाची ट्रॉली.

दोन ट्रॉल्या भरून ओढणारा ट्रॅक्टर घ्या. ट्रॅक्टर दोन टनांचा, ट्रॉल्या आणि ऊस मिळून वीस टन. ट्रॉल्यांना ब्रेक नसेल तर थांबवायची सगळी जबाबदारी ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर. वर आपण म्हटले की, वजन वाढले की पकडही वाढते. पण ते ज्या चाकाला ब्रेक आहे त्यापुरतेच. इथे ओझे एकाचे आणि पकड दुसऱ्याची. ताशी २० कि.मी. एवढ्या बैलगाडीला शोभणाऱ्या वेगातही ही जोडी थांबायला पंचवीस ते पस्तीस मीटर घेते. वीस मीटरला एक मीटर उतार लागला, तर ट्रॅक्टरच्या ब्रेकची जवळजवळ सगळी ताकद ट्रॉल्या मागे धरण्यातच जाते. थांबायला हाती फारसे उरत नाही. अशा ट्रॅक्टरपुढे मोटारसायकल आडवी घालून "तो थांबेल की" म्हणणे म्हणजे काय, ते आता वाचकांनीच ठरवावे.

आता रात्रीचे पाहू. जुन्या मोटारसायकलच्या खाली टाकलेल्या दिव्यात काळोखातली काळी वस्तू पस्तीस मीटरवर दिसली तरी पुष्कळ. वेग ताशी ६० चा. पुढे रस्त्याकडेला, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी पंक्चर झालेली ट्रॉली उभी. दिसल्यापासून हात हलेपर्यंत १७ मीटर गेले, उरले १८. थांबायला लागतात २५. म्हणजे दोन्ही ब्रेक नीट मारले तरी ताशी तीस-बत्तीसच्या वेगाने धडक बसणार, आणि ट्रॉलीचा लोखंडी सांगाडा किंवा बाहेर आलेले उसाचे शेंडे नेमके छातीच्या उंचीवर असतात. तोच स्वार ताशी ४० ने असता, तर ११ आणि ११ असे २२ मीटरमध्ये थांबून तेरा मीटर शिल्लक राहिले असते.

आणि त्याच ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर असता तर? तो शंभर मीटरवरूनही चमकतो. शंभर मीटरमध्ये ताशी ८० चा स्वारसुद्धा थांबतो. काही रुपयांची पट्टी एका घराचा कर्ता वाचवते. म्हणून ट्रॉलीमालक सभासदांना आमची हात जोडून विनंती आहे – रिफ्लेक्टर चिखलाने झाकला असेल तर काट्यावरून सुटताना पुसावा, मागचा दिवा चालू करावा, उसाच्या मोळ्या बाजूला व मागे बाहेर येऊ देऊ नयेत. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या खाली घ्यावी. घेता आली नाही तर मागे दूरवर खूण ठेवावी. चाकाला लावलेले दगड दुरुस्तीनंतर उचलून बाजूला टाकावेत. तेच दगड पहाटे दुधाला निघालेल्या शेजाऱ्याच्या पोराचा घात करतात.

७. निकाल आणि ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

टपरीवरच्या वादाचा निकाल असा. फटीतून निघण्यात आणि चिमूटभर पेट्रोलमध्ये घरी पोचवण्यात मोटारसायकल पुढे. ताकदीत आपली रोजची मोटारसायकल मोटारीच्या मागे. ब्रेकात मागे, आणि मागचाच ब्रेक वापरला तर फारच मागे. वळणात पकड सारखी, पण चुकीला क्षमा नाही. मोटारसायकल वाईट आहे असे यात कुठेही म्हटलेले नाही. तिच्याशिवाय आपल्या शेतकऱ्याचे चालत नाही. ती मोटारीसारखी चालवणे वाईट आहे.

१. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. दिवसा, रात्री, घाटात, गावात – नियम एकच.
२. दोन्ही ब्रेक वापरावेत. पुढचा दाबत न्यावा, झटका देऊ नये.
३. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी.
४. उतारावर न्यूट्रल कधीही नाही.
५. पुढच्या मोटारीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर, पावसात चार.
६. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. कायदाही तेच सांगतो. मागची घरची लक्ष्मी असेल तर तिचे डोके काही कमी मोलाचे नाही.

शेवटी वेळेचा हिशेब. गावापासून कारखाना पंधरा कि.मी. असेल, तर ताशी ६० ने पंधरा मिनिटे लागतात आणि ताशी ४० ने साडेबावीस. वाचली साडेसात मिनिटे. ती वाचवून आपण पोचतो कुठे, तर त्याच केनयार्डात, त्याच रांगेत, त्याच टपरीवर. तिथे दोन-चार तास बसायचेच आहे. मग ही साडेसात मिनिटे रस्त्यावरच खर्च करून आलेली काय वाईट?

स्वाध्याय

(अ) आपल्या मोटारसायकलचा दिवा रात्री किती पावलांपर्यंत उजेड देतो ते मोजा. त्यावरून रात्रीचा आपला जास्तीत जास्त वेग ठरवा.
(आ) गावातल्या मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर हेल्मेट घालून ताशी २० ने या. एकदा फक्त मागच्या ब्रेकने आणि एकदा दोन्ही ब्रेकांनी थांबा. पावले मोजून फरक घरच्यांना सांगा.
(इ) आपल्या गटातल्या किती ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर आहेत ते मोजा. ज्यांना नाहीत त्यांची नावे लिहून ठेवण्यापेक्षा त्यांना पट्टी लावून द्या. सहकार म्हणतात तो हाच.